हवाई मालातील बॅटरी : बांधणीही पक्की हवी, कागदही खरा हवा

कपड्याच्या धंद्यातील माणूस बॅटरीवर का लिहितो, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आता बॅटरी कपड्यातही आली आहे. मुलींच्या फ्रॉकवर लुकलुकणारे दिवे, लग्नसराईच्या दुपट्ट्यावरील रोषणाई, थंड देशांसाठी गरम होणारी जाकिटे, या प्रत्येकात कुठे तरी सेल असतोच. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अनेक लहान कारखान्यांतून असा माल तयार होतो व सहारच्या एअर कार्गो कॉम्प्लेक्समधून परदेशी जातो. कागदावर मात्र 'रेडिमेड कपडे' एवढेच लिहिलेले असते. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आमची फजिती

२०१८ सालची गोष्ट. आखातातील एका गिऱ्हाईकाने ईदच्या हंगामासाठी दिव्यांच्या फ्रॉकची ऑर्डर दिली. प्रत्येक फ्रॉकमध्ये बटणासारखे दोन चपटे सेल होते. बदलण्यासाठी जादा सेलही त्याने मागवले होते. आमच्या कामगाराने हजारभर सेल एका प्लास्टिकच्या पिशवीत ओतले आणि ती पिशवी हँगर व लेबलांच्या खोक्यात टाकून दिली. इनव्हॉइसवर सेलचा उल्लेखच नव्हता. सहारला एक्स-रे तपासणीत ते खोके अडले व त्याबरोबर सगळा माल अडकला. खुलासे लिहून देण्यात आणि माल नव्याने बांधण्यात नऊ दिवस गेले. माल पोहोचला तेव्हा ईद होऊन गेली होती. गिऱ्हाईकाने निम्म्या भावाने तो ठेवून घेतला, हीच त्याची मेहरबानी.

पिशवी परत आल्यावर पाहिले, तर बरेच सेल मेलेले होते. एकाची वरची बाजू दुसऱ्याच्या खालच्या बाजूला लागून ते पिशवीतच खर्ची पडले होते. अडवणाऱ्यांचे काही चुकले नव्हते. गफलत आमची होती. तेव्हापासून या विषयाची जी माहिती जमवली, ती व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहे.

आग का लागते?

बॅटरीची धन व ऋण अशी दोन टोके असतात. ती धातूने एकमेकांस जोडली गेली की सगळा प्रवाह एकदम वाहू लागतो व बॅटरी तापते. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. साध्या पेन्सिल सेलमध्ये हे झाले तर सहसा सेल गरम होऊन खराब होतो. लिथियमचा प्रकार वेगळा आहे. लिथियम बॅटरी एका मर्यादेपलीकडे तापली की आतील रसायनेच उष्णता निर्माण करू लागतात. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या पुढचा. विमानाच्या मालकक्षात हॅलॉन वायूची अग्निशामक व्यवस्था असते. त्या वायूने ज्वाळा दबते, पण सेलच्या आतली ही साखळी तुटत नाही.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून जर्मनीतील कोलोनकडे निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू जंबो विमानात आग लागली. वैमानिकांनी विमान दुबईकडे वळवले, पण धुरामुळे त्यांना समोरचे यंत्रफलकही दिसेना. विमान कोसळून दोघेही मरण पावले. या विमानात मोठ्या प्रमाणावर लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यांतील किमान तीन पार्सले 'धोकादायक माल' म्हणून जाहीर करायला हवी होती, ती केलेली नव्हती, असे तपासात आढळले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ रोजी, कोरियाच्या जेजू बेटाजवळ एशियाना कंपनीचे मालवाहू विमान आग लागून समुद्रात पडले. त्यातही लिथियम बॅटऱ्या होत्या व दोन्ही वैमानिक दगावले. ११ एप्रिल २०२१ रोजी हाँगकाँग विमानतळावर मोबाइल फोनचा माल विमानात चढवण्यापूर्वीच पेटला. तो हवेत पेटला असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

माल कोणत्या गटात येतो?

लिथियम बॅटऱ्यांचे दोन प्रकार आहेत. एकदा वापरून फेकायची ती लिथियम मेटल, म्हणजे आमचे बटण सेल. पुन्हा चार्ज होते ती लिथियम आयन, म्हणजे मोबाइल, पॉवर बँक व गरम जाकिटाची बॅटरी. प्रत्येकीला संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील क्रमांक आहे. नुसती लिथियम आयन बॅटरी पाठवली तर यूएन ३४८०, वस्तूच्या आत किंवा वस्तूसोबत पाठवली तर यूएन ३४८१. लिथियम मेटलसाठी हेच क्रमांक अनुक्रमे ३०९० व ३०९१ आहेत. पॉवर बँक हे यंत्र नसून ती बॅटरीच मानली जाते, हे ध्यानात ठेवावे.

नुसत्या लिथियम मेटल बॅटऱ्या १ जानेवारी २०१५ पासून आणि नुसत्या लिथियम आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई आहे. त्या फक्त मालवाहू विमानाने जातात. मुंबईहून आखातात जाणारा बराच माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. आमच्या त्या खोक्यात फ्रॉक नव्हते, नुसते सेल होते. म्हणजे ते खोके ३०९० मध्ये मोडत होते आणि त्या विमानात त्याला जागाच नव्हती. तेच जादा सेल कंपनीच्या बंद पाकिटात ठेवून फ्रॉकच्या खोक्यातच घातले असते, तर तो माल ३०९१ झाला असता. वस्तू चालवण्यास लागतील तितके व शिवाय दोन जादा संच, या मर्यादेत आणि योग्य खुणेसह तो प्रवासी विमानानेही पाठवता येतो. विमान कंपनीचा स्वतःचा नियम अधिक कडक असू शकतो, म्हणून बुकिंगपूर्वी विचारून घ्यावे.

चार्ज होणाऱ्या बॅटरीची ताकद वॉट-अवरमध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ३.७ व्होल्टची १०,००० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३.७ गुणिले १०, अर्थात ३७ वॉट-अवर. एका सेलला २० व पूर्ण बॅटरीला १०० वॉट-अवर ही महत्त्वाची सीमा आहे. त्यापुढे नियम कडक होतात.

खोके कसे बांधावे?

१. प्रत्येक सेल किंवा बॅटरी वेगळी ठेवावी. कंपनीचे मूळ पाकीट उत्तम. ते नसेल तर टोकांवर वीज न वाहणारी चिकटपट्टी लावून स्वतंत्र प्लास्टिक पिशवीत घालावी.

२. त्याच खोक्यात टाचण्या, धातूचे हँगर, बटणे किंवा चांदीचा कागद बॅटरीला लागेल असा ठेवू नये.

३. वस्तूत बसवलेली बॅटरी वाटेत चालू होता कामा नये. बटण दाबले जाणार नाही अशी सोय करावी. सेल व पत्री यांच्यामध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवणे हा स्वस्त उपाय आहे.

४. आत माल हलू नये म्हणून पोकळी भरून काढावी. बाहेरचे खोके कडक व मजबूत हवे. बॅटऱ्या नुसत्या किंवा वस्तूसोबत असतील, तर खोके १.२ मीटर उंचीवरून कोणत्याही बाजूने पडले तरी फुटू नये व आतले सेल एकमेकांना भिडू नयेत, अशी अट आहे. जुन्या लेबलांची, दबलेली खोकी वापरून चार पैसे वाचवू नयेत.

५. नुसती लिथियम आयन बॅटरी ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसावी. १ जानेवारी २०२६ पासून वस्तूसोबत ठेवलेल्या २.७ वॉट-अवरपेक्षा मोठ्या बॅटरीलाही ही अट लागू झाली आहे. बॅटरीत वीज कमी असेल तर आगही कमी भडकते.

६. फुगलेली, चेपलेली किंवा बिघाडामुळे परत आलेली लिथियम बॅटरी हवाई मार्गाने कधीही पाठवू नये.

खोक्यावर लाल तिरप्या रेघांच्या चौकटीतील बॅटरीची खूण व यूएन क्रमांक लावावा लागतो. कपड्यात बसवलेले नुसते बटण सेल असतील तर या खुणेची सूट आहे. नुसत्या बॅटऱ्यांना नवव्या वर्गाचे चौकोनी लेबल, 'फक्त मालवाहू विमान' हे लेबल आणि प्रशिक्षित माणसाच्या सहीचे धोकादायक मालाचे घोषणापत्र लागते. हे काम अंदाजाने करू नये, जाणकार एजंटाकडूनच करून घ्यावे.

कागद आधी मागा

प्रत्येक लिथियम बॅटरी 'यूएन ३८.३' या चाचणीत उतरलेली असावी लागते. उंचीवरील कमी दाब, उष्णता, कंपन, धक्का, शॉर्ट सर्किट इत्यादी तिच्यात तपासले जातात. १ जानेवारी २०२० पासून या चाचणीचा गोषवारा देणे बॅटरी बनवणाऱ्यांस बंधनकारक आहे. सेल खरेदी करतानाच तो मागून घ्यावा. जो दुकानदार तो देऊ शकत नाही, त्याचा सेल दोन पैसे स्वस्त असला तरी घेऊ नये.

काही बांधव दुबईला निघालेल्या नातेवाइकाच्या बॅगेत असा माल देतात. हे मुळीच करू नये. प्रवाशाला बॅटरीची सवलत स्वतःच्या वापरापुरती आहे, विक्रीच्या मालासाठी नाही. सुटी बॅटरी व पॉवर बँक चेक-इन सामानात चालतच नाही. माल आपला आणि विमानतळावर जबाब मात्र त्या बिचाऱ्याने द्यायचा, हा कुठला न्याय?

मालातील ऐब सांगून विकावा, ही आपल्या तिजारतीची जुनी शिकवण आहे. बॅटरी हा ऐब नव्हे, पण तिचा धोका लपवणे हा मोठाच ऐब आहे. गिऱ्हाईक निदान माल पारखून घेतो. विमानातील माणसांना खाली काय ठेवले आहे हे पाहता येत नाही. ते आपण लिहून दिलेल्या कागदावर भरवसा ठेवून बसलेले असतात. म्हणून पुढच्या वेळी खोके बंद करण्यापूर्वी कामगाराला एकच प्रश्न विचारावा : यात कुठे सेल आहे काय? उत्तर 'हो' असेल तर ते आधी कागदावर लिहावे आणि मगच पट्टी मारावी.