बास्क भाषा आली नाही तर?

प्रश्न : मुलगी जळगावच्या विद्यापीठातून बी.एस्सी. (संगणकशास्त्र) झाली. स्पेनच्या बास्क प्रांतात शिकायला जायचं म्हणते. भाषा आणि खर्च, दोन्हींची धास्ती वाटते. – एक पालक, देवपूर, धुळे

उत्तर : भाषेची धास्ती सोडा. बास्क विद्यापीठाचे काही पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. बाजारहाटापुरती स्पॅनिश मात्र इथूनच शिकून जावी. खर्चाचं म्हणाल, तर आधी युरोपीय संघाची ‘इरॅस्मस मुंडस’ शिष्यवृत्ती पाहा. ती मिळाली तर फी माफ, शिवाय महिन्याला 1,400 युरो. विमानाचं भाडं त्यातूनच काढायचं. अर्ज साधारण हिवाळ्यात, वर्ग सप्टेंबरात. ती मिळाली नाही, तर शेत गहाण टाकून पाठवू नका, हे माझं स्पष्ट मत.

मुलगी संगणकशास्त्राची आहे म्हणून सांगतो : बास्क प्रांतातच, सान सेबास्तिआनला ‘हित्झ’ हे भाषा-तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. बास्कसारख्या छोट्या भाषेसाठी ते लोक भाषांतराची, बोलणं ओळखण्याची साधनं बनवतात. घरात अहिराणी बोलत असाल, तर मुलीनं अर्जात तेच लिहावं : अहिराणीसाठी काय करायचंय ते. गुळगुळीत निबंधापेक्षा ते वजनदार ठरेल.

पदवी प्रमाणपत्र लगेच मागवा. त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा, शिक्का घ्यायला वेळ जातो.