भागीदारांचे भांडण आणि पेढीची पत

एखादी पेढी बुडाली की बाजारात म्हणतात, माल पडून राहिला किंवा उधारी वसूल झाली नाही. परंतु गल्ल्यात पैसा असूनही पत जाऊ शकते. ते कसे, हे आज आम्ही अमेरिकेच्या सरकारी कर्जाच्या उदाहरणावरून समजावून घेणार आहोत.

अमेरिकेत सरकारी कर्जाला कायद्याने मर्यादा घातलेली असते. या पद्धतीची सुरुवात १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात झाली. या मर्यादेने खर्चाला आळा बसतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. खर्च संसदेने आधीच मंजूर केलेला असतो, करही तिनेच ठरवलेले असतात, आणि मधली तूट कर्ज काढूनच भरायची असते. मर्यादा आड येते ती पैसे चुकते करण्याच्या वेळी. समजा, दोन भागीदारांनी मिळून सूत उचलले, कापड विणून झाले, आणि हुंडीची मुदत भरल्यावर एकजण म्हणाला, "माझ्या अटी माना, तरच सही करीन." यात एक पैसाही वाचत नाही, पेढीचे नाव मात्र जाते.

२०११ साली असेच घडले. अध्यक्ष बराक ओबामा डेमोक्रॅटिक पक्षाचे, तर प्रतिनिधी सभागृहात बहुमत रिपब्लिकन पक्षाचे. एका बाजूला करवाढ नको होती, दुसऱ्या बाजूला वृद्धांच्या पेन्शनमध्ये व औषधोपचारात मोठी कपात नको होती. कर्ज १४.३ लाख कोटी डॉलरच्या मर्यादेला टेकले होते. २ ऑगस्ट हा अखेरचा दिवस. त्याच दिवशी तडजोडीच्या कायद्यावर सही झाली. एकही हप्ता थकला नाही. तरीही ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पूअर्स या पतमापन संस्थेने अमेरिकेची सर्वोच्च श्रेणी काढून घेतली. वाढत्या कर्जाबरोबरच राजकीय ओढाताण हेही कारण तिने दिले. पुढे दोन्ही पक्षांच्या सहा-सहा सदस्यांची समिती बचत सुचवण्यासाठी बसली, पण नोव्हेंबरपर्यंत तिचे एकमत झाले नाही.

मग कर्ज आवरता येतच नाही काय? येते. १९९० साली अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी नवे कर न लावण्याचे वचन बाजूला ठेवून विरोधी बहुमताच्या संसदेशी करार केला. कर वाढले, खर्चाला मर्यादा आली, आणि नियम झाला की नवा कायमचा खर्च किंवा करसवलत हवी असेल, तर भरपाई कुठून होणार ते आधी दाखवावे. १९९३ साली पुन्हा कर वाढले, १९९७ साली दोन्ही पक्षांत आणखी एक करार झाला. व्यापारातील तेजीचाही हातभार लागला, आणि १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षे सरकारी वहीत शिल्लक पडली. बुश मात्र १९९२ची निवडणूक हरले. तडजोडीची किंमत मोजावी लागते, म्हणूनच पुढारी तिला भितात.

तो नियम २००२ साली संपला. त्यानंतर करसवलती, युद्धे, मंदी व कोरोना यांचा खर्च कर्जावर गेला, आणि त्यात दोन्ही पक्षांचा वाटा आहे. २०२३ साली फिच व २०२५ साली मूडीज यांनीही श्रेणी उतरवली. २०२४च्या आर्थिक वर्षात नुसत्या व्याजापायी सुमारे ८८० अब्ज डॉलर गेले. हा आकडा संरक्षण खर्चाहूनही मोठा आहे. २०२५ साली कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या वर गेले.

यातून भागीदारीत धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांनी इतके ध्यानात घ्यावे: वाद घालायचाच तर माल उचलण्यापूर्वी घालावा, देण्याच्या दिवशी नाही. भरपाई कोण व कशातून करणार, हे भागीदारीच्या कागदावर आधीच लिहावे. आणि काटकसर करायची असेल, तर दोघांनीही आपापल्या वाट्यातून काही सोडावे. सावकार आमची वही तर पाहतोच, पण भागीदार एका तोंडाने बोलतात की नाही, हेही पाहतो.