एक पडदा, अनेक दृश्ये

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे, नगरपरिषद असलेले छोटे शहर होय. या परिसराच्या शेजारीच १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात दूरचित्रवाणीचा एक मोठा प्रयोग झाला. उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याच्या ‘साइट’ प्रकल्पात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी समाविष्ट होती. त्यांत सीमेपलीकडील विजापूर व गुलबर्गा जिल्ह्यांतील खेडीही होती. तेव्हा सारा गाव एका संचासमोर बसून एकच चित्र पाहत असे. आज उलट स्थिती आहे. एकच व्यक्ती एका पडद्यावर अनेक कॅमेऱ्यांची चित्रे पाहते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांत सीसीटीव्ही बसविण्याबाबत निर्देश दिल्यानंतर असा पडदा मुख्याध्यापकांच्याही नित्य कामाचा भाग झाला आहे. तथापि, चित्र दिसते एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ते पूर्ण आणि यथार्थ दिसते काय, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रमाणाचा अर्थ

चित्राची रुंदी व उंची यांच्या गुणोत्तरास आस्पेक्ट रेशो म्हणतात. मूकपटांच्या काळापासून ४:३ ही चौकट रूढ होती व दूरचित्रवाणीने तीच स्वीकारली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्राचे चित्रही याच प्रमाणाचे होते. आजचे पडदे व बहुतेक कॅमेरे १६:९ प्रमाणाचे असतात. जुन्या कॅमेऱ्याचे ४:३ चित्र नव्या पडद्यावर ताणून भरले, तर त्याची रुंदी एक तृतीयांशाने वाढते. कृश मनुष्य स्थूल दिसतो आणि ओळख पटविताना चूक संभवते.

विभागणीचे गणित

१९२० × १०८० बिंदूंच्या पडद्याचे चार समान भाग केल्यास प्रत्येक भाग ९६० × ५४० बिंदूंचा, आणि नऊ केल्यास ६४० × ३६० बिंदूंचा होतो. दोन्ही वेळा १६:९ हे प्रमाण कायम राहते. सहा कॅमेऱ्यांसाठी तीन स्तंभ व दोन ओळी केल्या, की मात्र प्रत्येक भाग ६४० × ५४० बिंदूंचा, म्हणजे जवळजवळ चौरस होतो. येथे तीन पर्याय उरतात.

पहिला, चित्र ताणणे. यात सर्व काही दिसते. पण माणसे उंच व अरुंद दिसतात. दुसरा, प्रमाण राखून चित्र बसविणे. यात वर व खाली ९० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या राहतात. पण काहीही गमावले जात नाही. तिसरा, चित्र कातरून भाग भरणे. यात आकार यथार्थ राहतो. पण दोन्ही बाजूंचा प्रत्येकी एक षष्ठांश, म्हणजे एकूण एक तृतीयांश भाग नाहीसा होतो. शाळेचे फाटक चित्राच्या कडेला असेल, तर नेमके तेच दिसेनासे होईल. यास्तव देखरेखीसाठी दुसरा पर्याय श्रेयस्कर होय. सहा कॅमेरे असले तरी नऊ भागांची मांडणी करून तीन भाग रिकामे ठेवणे, हाही सोपा उपाय आहे.

आणखी दोन बाबी

घरगुती टीव्ही पडद्यासाठी वापरला, तर तो पुष्कळदा चित्राच्या चारही कडा थोड्या कापतो. कोपऱ्यातील दिनांक व वेळ अर्धवट दिसू लागल्यास हेच कारण संभवते. टीव्हीच्या चित्रविषयक पर्यायांत मूळ आकाराचा पर्याय निवडल्यास हा दोष जातो. लांब व अरुंद ओसरीसाठी कॅमेरा ९० अंशांत फिरवून ९:१६ असे उभे चित्र घेता येते. मात्र कॅमेऱ्यात व पडद्यावर तशी सोय आहे का, हे आधी पाहावे.

पडद्यावरील कातरणीने सामान्यतः मूळ मुद्रणास बाध येत नाही. कॅमेऱ्यातच चित्र कातरले असल्यास मात्र तो भाग मुद्रणातही मिळत नाही. हा भेद तंत्रज्ञाकडून लेखी समजून घ्यावा.

सोपी तपासणी

कॅमेऱ्यासमोर एक गोल ताट सरळ धरावे व पडद्यावर त्याची रुंदी व उंची पट्टीने मोजावी. दोन्ही सारखी नसतील, तर प्रमाण बिघडले आहे. त्यानंतर एका व्यक्तीस फाटकापासून आवाराच्या टोकापर्यंत चालावयास सांगावे आणि ती पडद्यावर कोठे दिसेनाशी होते, ते नोंदवावे. हीच कृती मूळ मुद्रणावरही पडताळून पाहावी. पडद्याची मांडणी बदलली किंवा नवा कॅमेरा जोडला, की ही तपासणी पुन्हा करून नोंदवहीत दिनांकासह लिहावी. ताट व पट्टी यांपलीकडे तीस काही साहित्य लागत नाही. आणि फाटकातून एकटे बाहेर पडणारे मूल पडद्यावर दिसेल की नाही, हे तिच्यावरच अवलंबून असते.