प्रतिस्पर्धी मालाची पाहणी व तिची मांडणी : वायगाव हळदीचे उदाहरण

माल उत्तम पिकविणे हे निम्मे काम झाले. बाजारात तो कोणाच्या मालाशेजारी ठेवला जाणार हे जाणणे, हे उरलेले निम्मे होय. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तीत कुरकुमिन ह्या पिवळ्या द्रव्याचे प्रमाण शेकडा ६ हून अधिक असते, अशी तिची ख्याती आहे. तथापि मानांकनाने नावाचे रक्षण होते. गिऱ्हाईक आपोआप येत नाही. म्हणून उत्पादकांच्या संस्थेने दळण्याच्या यंत्रात भांडवल घालण्यापूर्वी पुढील पाहणी अवश्य करावी.

प्रथम प्रतिस्पर्धी कोण हे ठरवावे. शेजारचा शेतकरी खरा प्रतिस्पर्धी नव्हे. आपला माल सोडून गिऱ्हाईक ज्या मालाकडे वळते, तो प्रतिस्पर्धी. सांगलीच्या हळदीस २०१८ साली, तामिळनाडूतील इरोडच्या हळदीस २०१९ साली व हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ साली मानांकन मिळाले. मेघालयातील लाकाडोंग हळदही विपुल कुरकुमिनाबद्दल प्रसिद्ध आहे. अर्थात् मानांकन काय किंवा कुरकुमिन काय, ही एकट्या वायगावची मिरासदारी नव्हे.

दुसरे, तुलना एकाच मापाने करावी. भाव एकाच आठवड्याचे व एकाच प्रतीचे घ्यावे. हळकुंडांचा भाव गड्ड्यांच्या भावाशी ताडू नये. बारदान, हमाली, तोलाई, वाहतूक व घट वजा जाता हाती पडणारी रक्कमच लिहावी. कुरकुमिनाचा आकडा ख्यातीवरून न घेता, आपल्या वाळविलेल्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

तिसरे, गिऱ्हाइकाचे वर्ग निरनिराळे मांडावे. समजा, एका मालात शेकडा ६ व दुसऱ्यात शेकडा ३ कुरकुमिन आहे. पहिल्याच्या क्विंटलात ते ६ किलो, तर दुसऱ्याच्यात ३ किलो भरेल. अर्क काढणाऱ्या कारखानदाराने हा हिशेब केल्यास पहिल्या मालास पुष्कळ अधिक भाव देणे त्यास परवडते. परंतु त्यास हळकुंडे हवीत, आपण दळलेली पूड नव्हे. गृहिणीस पूड हवी असते, पण ती रंग, वास व किंमत पाहते. म्हणजे ज्यास आपला गुण हवा त्यास यंत्राचे काम नाही, आणि ज्यास यंत्राचे काम हवे त्यास तो गुण समजावून द्यावा लागेल. यंत्राचा सर्व निर्णय ह्याच मुद्द्यावर अवलंबून आहे.

सभेपुढे हे सर्व एकाच मोठ्या तक्त्यावर मांडावे. प्रत्येक मालास एक ओळ द्यावी व प्रत, निव्वळ भाव, कुरकुमिन, गिऱ्हाईक आणि पुरवठ्याचे महिने असे रकाने आखावे. प्रत्येक आकड्यापुढे तारीख व तो कोठून मिळाला हे नोंदवावे. आपली उणीव आधी सांगावी. ती दुसऱ्याने काढल्यास उरलेल्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. मानांकित नाव वेष्टनावर छापण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, तीही किती सभासदांची झाली आहे हे सांगावे.

शेवटी यंत्र घ्यावे, न घ्यावे, की एक हंगाम भाड्याच्या गिरणीत दळून पाहावे, ह्यांपैकी एकच शिफारस खर्चासह करावी. रकाने रिकामे असतील, तर तिसरा मार्ग शहाणपणाचा. यंत्र पुढील वर्षीही मिळेल. त्यात अडकलेले सभासदांचे भांडवल मात्र सहजी मोकळे होत नाही.