बियांपासून अडेनियम : खिडकीतला शौक आणि दिलेला शब्द

कापडाच्या धंद्यात गोदामात जागा किती हे पाहूनच माल उचलायचा असतो. शौकाच्या बाबतीत मात्र आम्ही हे साफ विसरलो. भिवंडीत आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. उन्हाची जागा एकच, दक्षिणेच्या खिडकीतली फळी, चार फूट लांब आणि एक फूट रुंद. सहा वर्षांपूर्वी आम्ही अडेनियमच्या १०० बिया आणल्या आणि सगळ्या एकदम पेरल्या. ७० उगवल्या. दोन महिन्यांनी प्रत्येक रोपाला चार इंची कुंडी लागली. अशा ३६ कुंड्या फळीवर मावल्या, बाकीच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली गेल्या. घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच, आणि जुलैच्या पावसात दोरीखालची बहुतेक रोपे सडली.

अडेनियम हे नाव एडन बंदरावरून पडले. दक्षिण अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका हा याचा मूळ मुलूख. आपली कण्हेर आणि चाफा याच कुळातले. फुगलेल्या बुंध्यात ते पाणी साठवून ठेवते, म्हणून तापलेली खिडकी त्याला मानवते. साचलेले पाणी मात्र त्याला मारते.

पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, म्हणजे पाऊस लागेपर्यंत रोपे चार महिन्यांची होतात. बी ताजे हवे. जुन्या बियांची उगवण फार घटते, मग किंमत कितीही कमी असो, तो सौदा महागच. जाड वाळू, कोकोपीट आणि विटांचा चुरा समभाग घ्यावा व त्यातली बारीक धूळ चाळून टाकावी, कारण तीच निचरा बंद करते. मिठाईच्या प्लास्टिक डब्याला तळाशी भोके पाडली की काम भागते. बी कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवून आडवे ठेवावे, वर मिश्रणाचा अगदी पातळ थर द्यावा आणि पाणी फवाऱ्याने घालावे. उबदार हवेत तीन ते सात दिवसांत कोंब दिसतात. कोंब आले की झाकण लगेच काढावे. कोंदट डब्यात रोपे मानेपाशी कुजतात, आणि एक कुजले की शेजारचीही जातात. चार-सहा पाने आल्यावर वेगळ्या कुंडीत न्यावे. ऊन हळूहळू वाढवावे, पावसाची झड लागू देऊ नये आणि थंडीत पाणी कमी करावे.

आता आम्ही वर्षाला २० बियाच पेरतो. त्यांतली बुटकी, जाड बुंध्याची आठ-दहा रोपे ठेवतो. सरळ वाढलेली कलमे बांधणाऱ्या रोपवाल्याला देतो, त्याला कलमाखाली अशीच रोपे लागतात.

घरच्या झाडाला शेंग धरली तर ती शिंगांच्या जोडीसारखी दिसते. पिकली की अचानक फुटते आणि बियांना दोन्ही टोकांना केसांचे झुपके असल्याने त्या वाऱ्याबरोबर उडून जातात. आम्ही दुकानातल्या मलमलीचा तुकडा शेंगेला सैल बांधून ठेवतो. चिंधीचा इतका चांगला उपयोग धंद्यातही कधी झाला नाही!

पण या शौकात खरी चूक झाली ती जिभेची. आमच्या लाल, दुहेरी पाकळ्यांच्या झाडाच्या बियांपासून वाढवलेले एक रोप जुन्या गिऱ्हाइकाने १५० रुपयांना मागितले. आम्ही बेधडक सांगितले, "असेच फूल येईल." चौदा महिन्यांनी आले ते फिकट गुलाबी, साध्या पाच पाकळ्यांचे. तो दुकानात येऊन एवढेच म्हणाला, "भाई, नमुन्याचा तुकडा एक आणि तागा दुसराच निघाला." पंचवीस वर्षांचा व्यवहार होता, आम्हाला वर बघवेना. पैसे परत केले आणि कलमाचे लाल झाड त्याच्या घरी पोचवले. बी दोन झाडांच्या मेळातून तयार होते, म्हणून त्यातून आईचेच फूल येईल असे नाही. तेच फूल हवे तर कलमच लागते. तेव्हापासून फूल न आलेल्या रोपाच्या कुंडीवर आम्ही "रंग माहीत नाही" अशी चिठ्ठी लावतो आणि किंमत त्याप्रमाणे कमी घेतो. तरीही नेणारे नेतात, काहींना हीच उत्सुकता आवडते.

शेवटी एक जरुरीची गोष्ट. याचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो बाणांना लावत. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत, कुंड्या लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात आणि बकरी ईदसाठी घरी बकरा बांधला असेल तर त्याच्या तोंडापासूनही.