गाडीत सराउंड संगीत ऐकायचं तर खर्च किती?

वापरलेली गाडी घेताना आपण इंजिन ऐकतो, टायर बघतो, सर्व्हिसचे कागद चाळतो. म्युझिक सिस्टीम मात्र रेडिओ लावून बघितला की झालं, असं समजतो. अमेरिकेत राहणाऱ्या आणि २००४ ते २००८ मधली अक्युरा टीएल बघायला निघालेल्या वाचकांनी तरी असं करू नये. सहा चॅनेलची डीव्हीडी-ऑडिओ सिस्टीम कारखान्यातूनच बसून आलेली ही पहिली गाडी. पॅनासोनिकनं ती एलिअट शायनर या ध्वनिमुद्रण अभियंत्यासोबत तयार केली होती. ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं पाच-एक (पाच चॅनेल आणि खर्जाचा एक) मिक्सिंग करणारे ते हेच शायनर. २००४ च्या मॉडेलमध्ये आठ स्पीकर आणि २२५ वॅटचा अॅम्प्लिफायर होता. आज ही गाडी जुन्या बाजारात इतर सेडानच्याच भावात मिळते. तिच्यातल्या सिस्टीमचे कुणी वेगळे पैसे लावत नाही.

गाडी मिळाली तरी तिच्यात घालायचं काय, हा प्रश्न उरतो. खर्च खरा तिथं आहे आणि पैसे वायाही तिथंच जातात.

डीव्हीडी-ऑडिओ डिस्कची जाहिरात बहुधा अशी व्हायची : २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, मास्टर टेपची गुणवत्ता. शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर या आकड्यांना अर्थ आहे. हायवेवर धावणाऱ्या गाडीत टायर आणि वाऱ्याचा आवाजच ६५ ते ७० डेसिबलच्या घरात असतो. साध्या सीडीची १६ बिटची, हळू ते मोठ्या आवाजाची पट्टी ९६ डेसिबलची आहे आणि तीसुद्धा पूर्ण वापरता येत नाही, कारण हळू वाजणारा भाग रस्त्याच्या आवाजात बुडून जातो. तिथं २४ बिटसाठी जास्तीचे पैसे मोजून हाती काही लागत नाही.

चॅनेलची गोष्ट वेगळी. चालक कायम एका दाराला खेटून बसलेला असतो. स्टिरिओमध्ये गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखा येतो, पण जवळच्या दाराचा स्पीकर आधी आणि मोठ्यानं ऐकू येतो, म्हणून गायक त्या दारात जाऊन बसतो. पाच-एक मिक्समध्ये गायकाला बहुधा मधला चॅनेल दिलेला असतो आणि त्याचा स्पीकर डॅशबोर्डच्या मध्यावर असतो. आवाज मध्यावर येतो आणि तिथंच राहतो. मागचे स्पीकर कुठे ठेवायचे, सोफा किती पुढे ओढायचा, या घरातल्या अडचणीही गाडीत नसतात. जागा ठरलेल्या आणि कंपनीनं आवाजाचा मेळ त्या जागांनुसारच घातलेला. म्हणून माझा स्पष्ट सल्ला : गाडीसाठी पैसे मोजायचे ते चॅनेलसाठी आणि चांगल्या मिक्ससाठी. बिट आणि किलोहर्ट्‌झसाठी नाही.

या कसोटीवर एकेक डिस्क बघू.

डीव्हीडी-ऑडिओ २००० च्या सुमारास बाजारात आली. टीएलसारख्या गाडीत ती सहाही चॅनेलनिशी वाजते. आकडेमोड करून बघा : सहा चॅनेल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला १३.८ मेगाबिट होतात, आणि या डिस्कची कमाल मर्यादा ९.६ मेगाबिट. म्हणून मेरिडियन कंपनीची एमएलपी ही पद्धत वापरून, काहीही न गमावता माहिती आवळली जाते. हा प्रकार मुख्य प्रवाहातून गेला त्याला बरीच वर्षं झाली. नव्या डिस्क दुकानात मिळत नाहीत. जुन्या, कुणाच्या तरी संग्रहातून निघालेल्या मिळतात. साधारण २० ते ४० डॉलर मोजायची तयारी ठेवा. मागणी असलेला अल्बम शंभर डॉलरच्या पुढेही जातो आणि तिथं मी थांबायला सांगेन. फ्लीटवूड मॅकचा ‘रूमर्स’, क्वीनचा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’, डोनाल्ड फेगनचा ‘द नाइटफ्लाय’ हे या प्रकारातले गाजलेले अल्बम. बीटल्सच्या २००६ च्या ‘लव्ह’ची दोन डिस्कची आवृत्ती निघाली होती. तिच्यात एक सीडी आणि एक डीव्हीडी-ऑडिओ आहे. सुरुवात करायची तर मी तीच शोधेन.

विकत घेताना वेष्टणावर ‘डीव्हीडी-ऑडिओ’ हे चिन्ह आहे का ते बघा. नुसतं ‘डीव्हीडी’ आणि ‘५.१’ लिहिलेलं असेल तर ती बहुधा व्हिडिओ डीव्हीडी असते, डॉल्बी डिजिटल ध्वनीची. आपल्या हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी याच जातीच्या. टीएलचा प्लेअर व्हिडिओ डीव्हीडी वाजवत नाही. घरातल्या हिंदी गाण्यांच्या डीव्हीडी गाडीत लावू, या हिशेबानं ही गाडी घेऊ नका.

एसएसीडी ही सोनी आणि फिलिप्सची. १९९९ मध्ये आली आणि आजही निघते. पेंटाटोन, बिस, चँडोस या कंपन्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत एसएसीडीवर काढलं आहे. इंग्लंडच्या डटन व्होकॅलियननं सत्तरच्या दशकातली चार चॅनेलची मुद्रणं एसएसीडीवर आणली. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा जेम्स गथ्री यांनी केलेला पाच-एक मिक्स २००३ मध्ये याच प्रकारात आला. किंमत साधारण २० ते ४० डॉलर. पण गाडीसाठी एक मोठी अडचण आहे. गाड्यांमधल्या प्लेअरना एसएसीडीचा थर जवळजवळ कधीच वाचता आला नाही. बहुतेक एसएसीडी हायब्रिड असतात, म्हणजे त्यांच्यात साध्या सीडीचा एक थरही असतो. गाडीत तोच वाजतो आणि दोनच चॅनेल ऐकू येतात. डिस्क वाजली म्हणून माणूस खूश होतो, आणि ज्यासाठी तीस डॉलर दिले ते घरीच राहतं. घरी एसएसीडी प्लेअर असेल तर जरूर घ्या. फक्त गाडीसाठी घेऊ नका.

ड्युअलडिस्क हा २००४ नंतर अमेरिकेत काही वर्षं चाललेला प्रकार. एका बाजूला सीडीसारखा थर, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. साधी सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. ही सुमारे दीड मिलिमीटर. फटीतून डिस्क आत ओढून घेणाऱ्या गाडीच्या प्लेअरमध्ये ती अडकण्याचा धोका असतो. दोन डॉलरला मिळाली तरी गाडीत घालू नका. गाडीचा चेंजर, म्हणजे सहा डिस्क ठेवणारा प्लेअर, उघडायला जो खर्च येईल त्यात चांगल्या पाच-सहा डिस्क येतात.

राहिली डीटीएस सीडी. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही युक्ती मला गाडीसाठी सगळ्यात आवडते. साध्या सीडीवर सेकंदाला १.४ मेगाबिट माहिती मावते. तेवढ्याच जागेत पाच-एक चॅनेल आवळून बसवलेले असतात. आवळताना काही माहिती जाते, हे खरं. पण हायवेवरच्या गाडीत ती गेलेली कळत नाही. टीएलमधली सिस्टीम डीटीएस सीडी ओळखते. जुन्या डिस्क डीव्हीडी-ऑडिओपेक्षा सहसा स्वस्तात मिळतात. एक काळजी मात्र घ्या : डीटीएस न समजणाऱ्या प्लेअरमध्ये ही डिस्क संगीताऐवजी मोठा खरखराट करते आणि आवाज चढवलेला असेल तर स्पीकरला इजा होऊ शकते. अनोळखी गाडीत लावताना आवाज अगदी खाली आणून मग हळूहळू वाढवा.

घरी डिस्क बनवणाऱ्यांसाठी खर्च आणखी उतरतो. तुमच्याकडे स्वतःचं किंवा रीतसर विकत घेतलेलं, नक्कल रोखणारं कुलूप नसलेलं सहा चॅनेलचं संगीत फाइलच्या रूपात असेल, तर ‘डीव्हीडीए-ऑथर’ या मोफत सॉफ्टवेअरनं साध्या डीव्हीडी-आरवर डीव्हीडी-ऑडिओ तयार करता येते. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, सहा चॅनेल हे सेकंदाला ६.९ मेगाबिट होतात, म्हणजे मर्यादेच्या आत. एमएलपीची गरज पडत नाही. ४.७ गिगाबाइटच्या डिस्कवर दीड तास संगीत मावतं. कोऱ्या डिस्कला पन्नास सेंटच्या आसपास लागतात. आधी एकच बनवून गाडीत वाजते का बघा, मग दहा बनवा. कागदी लेबल चिकटवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत ते सुटतं आणि चेंजरमध्ये अडकतं. बाजारातल्या डीव्हीडी-ऑडिओवर बहुधा असं कुलूप असतं. ते तोडणं अमेरिकेच्या कायद्यात बसत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

गाडी बघायला जाताना एक डीव्हीडी-ऑडिओ आणि एक साधी सीडी खिशात ठेवा. चेंजरच्या सहाही खणांत डिस्क घालून बाहेर काढा. पडद्यावर डिस्कच्या प्रकाराचं नाव येतं का बघा. मग गाडीत फिरून प्रत्येक स्पीकरला कान लावा. मधला स्पीकर गप्प असेल तर गायकच नाहीसा होतो, आणि नुसता रेडिओ लावून बघितला तर हा दोष कळत नाही. बॅटरी बदलल्यावर रेडिओ सुरू करायला लागणारा कोड मूळ मालकाकडून मागून घ्या. चेंजर बिघडलेला असेल तर दुरुस्तीला दोनशे ते चारशे डॉलर धरा. मोडीतल्या गाडीतून काढलेलं युनिट त्याहून कमीत मिळतं, पण तेही तेवढंच जुनं असतं. मी गाडीच्या भावातूनच ही रक्कम कमी करून मागेन.

दुसऱ्याच गाडीत बाहेरून पाच-एक बसवायचं असेल तर मात्र जपून. अल्पाइनच्या पीएक्सए-एच७०१ सारख्या जुन्या प्रोसेसरमध्ये डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस उलगडण्याची सोय होती. तो काही शे डॉलरला मिळतो, पण त्यावर मधला स्पीकर, जास्तीचा अॅम्प्लिफायर, तारा आणि मजुरी चढते. शिवाय ऑप्टिकल तारेतून डीटीएस आणि डॉल्बी जातात. डीव्हीडी-ऑडिओचे सहा चॅनेल जात नाहीत, त्यांना सहा वेगळ्या अॅनालॉग तारा लागतात. सगळं धरून हजार डॉलर सहज ओलांडतात. एवढ्या पैशांत मी मुळातच सिस्टीम असलेली गाडी शोधेन.

‘सराउंड’ हे नाव लावून विकलं जाणारं सगळंच सराउंड नसतं. बोझची सेंटरपॉइंट, हार्मनची लॉजिक ७, डॉल्बीची प्रो लॉजिक २ या पद्धती दोन चॅनेलमधून पाच-सात चॅनेल तयार करतात. ऐकायला त्या छान वाटतात, लॉजिक ७ तर विशेष. पण तो मूळ मिक्स नव्हे. जुन्या गाडीच्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : ही गाडी डीव्हीडी-ऑडिओ किंवा डीटीएस वाजवते का? उत्तर ‘नाही’ असेल तर सराउंडचे वेगळे पैसे देऊ नका. फोन ब्लूटूथवरून जोडून सराउंड मिळेल अशी आशाही ठेवू नका, कारण त्यातून दोनच चॅनेल येतात.

भारतातल्या वाचकांसाठी हिशेब अगदी वेगळा आहे. इथं टीएल कधी विकली गेली नाही, आणि बाजारातल्या अँड्रॉइड स्टिरिओला डिस्कची फटच नसते. परदेशातून डिस्क मागवायची तर टपाल आणि जकात तिच्या किमतीइतकी होऊ शकते. इथं वाट आहे ती इंटरनेटवरून येणाऱ्या डॉल्बी अॅटमॉस या सराउंड पद्धतीची. अॅपल म्युझिकनं जून २०२१ मध्ये अॅटमॉस सुरू केलं. अमेरिकेत त्याला महिन्याला सुमारे ११ डॉलर पडतात, भारतात शे-सव्वाशे रुपये. त्यातला अॅटमॉस प्रवाह सेकंदाला फार तर ७६८ किलोबिटचा असतो, म्हणजे डीटीएस सीडीहूनही कमी, पण हायवेच्या आवाजात तो फरक कळत नाही, म्हणून गाडीत त्याचं दुःख करू नये. महिंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या आणि चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्यांत हार्मन कार्डनचे १६ स्पीकर आणि डॉल्बी अॅटमॉस आहे, पण वरच्या व्हेरिएंटमध्ये. खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये काही लाखांचा फरक पडतो आणि त्या पैशांत इतरही बरंच काही येतं. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा त्यांचं नमुन्याचं गाणं ऐकू नका. आपल्या खात्यातून आधी अॅटमॉसमधलं आणि मग स्टिरिओमधलं, असं एकच गाणं ताशी ८० च्या वेगानं जाताना लावून बघा. आपली आवड जुन्या भावगीतांची असेल तर ती दोन किंवा एका चॅनेलमध्येच मुद्रित झालेली आहेत, आणि त्यांच्यासाठी वरच्या व्हेरिएंटचे लाख मोजायची गरज नाही.