मॅक्रोतला अर्धविराम : खेळातल्या आज्ञा आणि आपलं व्याकरण



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. विषय कॉम्प्युटरवरच्या खेळाचा आहे, पण वाचता वाचता तुमच्या लक्षात येईल की आपण पाचवी-सहावीचं मराठी व्याकरणच शिकतोय. विरामचिन्हं, आज्ञार्थी वाक्य, संकेतार्थी वाक्य, नकार दाखवणारे उपसर्ग, सगळं यात आहे.

निमित्त एका वहीचं. माझा एक जुना विद्यार्थी आता नववीत आहे. त्याची आई वही घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, अभ्यासाच्या वहीत मागच्या पानांवर हे काय लिहून ठेवलंय बघा. कंस, तिरप्या रेघा, काहीच कळत नाही. काही वाईट तर नाही ना?" मी बघितलं. ते खेळातले मॅक्रो होते. आठ-दहा वेळा खोडून, दुरुस्त करून लिहिलेले. चौथीत असताना या मुलाच्या निबंधात एक पूर्णविराम सापडायची मारामार होती, म्हणून मला जास्तच आश्चर्य वाटलं.

मॅक्रो म्हणजे काय, ते आधी बघू. एका छोट्या आज्ञेमागे अनेक आज्ञा बांधून ठेवायच्या, याला मॅक्रो म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी एक्सेलमध्ये निकालपत्रक केलंय त्यांनी हा शब्द ऐकलेला असतो. हा मुलगा खेळतो तो खेळ आहे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने तो 2004 च्या नोव्हेंबरमध्ये आणला. जगभरातले खेळाडू एकाच वेळी ऑनलाइन असतात, प्रत्येकाने एक पात्र घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जखमींना बरं करणारा पुजारी. पात्राकडे बऱ्याच विद्या असतात आणि प्रत्येक विद्येला एक बटण. बोटं दहाच, म्हणून खेळाडू मॅक्रो लिहितात. त्यासाठी खेळातच एक छोटी खिडकी आहे. एका मॅक्रोला 255 अक्षरांची मर्यादा. त्यात जागा, कंस, चिन्हं सगळं मोजलं जातं.

सर्वात साधा मॅक्रो एका ओळीचा. (खेळात हे इंग्रजी अक्षरांत टाइप करावं लागतं, इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी देवनागरीत लिहितेय.)

/कास्ट फ्लॅश हील

तिरपी रेघ म्हणजे "आता आज्ञा येतेय". कास्ट म्हणजे विद्या चालव. फ्लॅश हील ही पुजाऱ्याची झटपट बरं करण्याची विद्या. हे सरळ आज्ञार्थी वाक्य झालं : "बरं कर." यात अट काही नाही.

पण खेळात नुसत्या आज्ञेने भागत नाही. समोर मित्र असेल तर बरं करायचं, शत्रू असेल तर मारायचं. मग येते अट, आणि अट चौकोनी कंसात लिहितात :

/कास्ट [हेल्प] फ्लॅश हील; [हार्म] स्माइट

वाचा बरं मराठीत : "ज्याला मदत करता येते असा कुणी निवडलेला असेल तर फ्लॅश हील, नाहीतर ज्याला इजा करता येते असा असेल तर स्माइट." झालं ना संकेतार्थी वाक्य? जर-तर. फक्त "जर"च्या जागी कंस आणि "नाहीतर"च्या जागी अर्धविराम.

मला इथेच थांबून सांगायचंय. आपण वर्गात अर्धविराम शिकवतो तेव्हा मुलं विचारतात, "मॅडम, हा नाही दिला तर काय होतं?" खरं उत्तर असं की मराठी निबंधात काही होत नाही, अर्धा गुण जातो फार तर. मॅक्रोत मात्र अर्धविराम गेला की आज्ञा कोलमडते आणि तुकडीतला गडी मरतो. तिथे चिन्हांना अर्थ आहे आणि तो ठरलेला आहे. एकाच कंसात स्वल्पविराम दिला की "आणि". दोन कंस शेजारी-शेजारी ठेवले की "किंवा". अर्धविराम म्हणजे "नाहीतर". बघा :

/कास्ट [@माउसओव्हर,हेल्प,नोडेड][हेल्प,नोडेड] फ्लॅश हील

माउसचा बाण ज्याच्यावर आहे तो मित्र असेल आणि जिवंत असेल, किंवा मी निवडलेला मित्र असेल आणि जिवंत असेल, तर त्याला बरं कर. "नोडेड" मधला "नो" बघा. अशुभ, नापसंत, बेहिशेबी यातले अ, ना, बे जे करतात तेच हा करतो. मुलाने हे शब्द पाठ केले नव्हते, त्याला ते लागले होते.

आता क्रमाची गोष्ट. या सगळ्यातला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच आहे. खेळ मॅक्रोची ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो आणि जी अट पहिल्यांदा खरी ठरेल तिथेच थांबतो. पुढचं वाचतच नाही. त्यामुळे कुणी असं लिहिलं :

/कास्ट स्माइट; [हेल्प] फ्लॅश हील

तर फ्लॅश हील कधीच चालणार नाही. का? पहिल्या तुकड्याला अटच नाही. अट नाही म्हणजे तो कायम खरा. बिचारा फ्लॅश हील दाराबाहेर उभा राहतो.

हे खेळाचंच आहे असं समजू नका. आपलं श्रेणी पत्रक आठवा. 91 ते 100 ला अ-1, 81 ते 90 ला अ-2, असं करत करत 41 ते 50 ला क-2. एक्सेलमध्ये "इफ" चं सूत्र लिहिताना कुणी सुरुवातच "41 किंवा जास्त असेल तर क-2" अशी केली, तर 95 गुणांच्या मुलीलाही क-2 मिळतो. कारण 95 हे 41 पेक्षा जास्त आहेतच! पहिली अट खरी ठरली, काम संपलं. म्हणून वरून सुरू करायचं, 91 पासून. कडक अट आधी, सैल अट नंतर, आणि बिनअटीचं सगळ्यात शेवटी. गणितात आपण कंचेभागुबेव घोकून घेतो ते याच जातीचं, फक्त तिथे क्रम का पाळायचा हे मुलांना क्वचित दिसतं.

कॉम्प्युटर नसला तरी हे शिकवता येतं. मी वर्गात कागदी मॅक्रो करून घेते. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे इंदिरानगरचा बोगदा. हायवेखालून पलीकडे गोविंदनगरला जायचं तर बोगदा, आणि संध्याकाळी तिथे गाड्या अडकल्या की अडकल्या. मुलांना सांगितलं, रिक्षावाल्या काकांना एका ओळीत सूचना लिहा, काका लिहिलंय तेवढंच करतील, स्वतःचं डोकं चालवणार नाहीत. एका गटाने लिहिलं :

/जा [बोगदा मोकळा] बोगद्यातून; [मुंबई नाका मोकळा] मुंबई नाक्यावरून; घरीच थांब

दुसऱ्या गटाने "घरीच थांब" सुरुवातीला लिहिलं, कारण त्यांच्या मते सुरक्षा आधी! मग काका झालेला मुलगा जागेवरून हललाच नाही आणि वर्ग हसून लोटपोट. मी क्रमाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. तिसऱ्या गटाने विचारलं, "बोगदा मोकळा आहे पण पाणी साचलंय, तर?" आणि स्वतःच कंसात स्वल्पविराम देऊन "बिनपाण्याचा" घातलं. "आणि" सापडलं. एवढंच की गट चार-पाच जणांचेच ठेवा आणि ओळ पोस्टकार्डावर मावेल एवढीच हवी असं सांगा. मर्यादा घातली की मुलं शब्द तोलून वापरतात, नाहीतर पानभर लिहीत बसतात.

आता पालकांच्या काळजीकडे येते. "मॅक्रो म्हणजे गेम आपोआप खेळतो, म्हणजे चीटिंगच ना?" हा प्रश्न योग्य आहे आणि खेळ बनवणाऱ्यांनाही तो पडला होता. सुरुवातीच्या काळात 'डिकर्सिव्ह' नावाची एक जोडणी होती. तुकडीत विषबाधा किंवा शाप कुणाला झालाय हे तीच शोधायची, उपायही तीच निवडायची. खेळाडूने फक्त एक बटण बडवत राहायचं. 2006 च्या डिसेंबरमध्ये कंपनीने बदल करून हे बंद केलं. कुणावर आणि कोणती विद्या, हा निर्णय लढाईच्या मध्ये प्रोग्रामने घ्यायचा नाही, माणसाने घ्यायचा. त्याच बदलात वर सांगितलेल्या कंसातल्या अटी मॅक्रोत आल्या. "कुणाची तब्येत सर्वात कमी आहे ते शोध" अशी अट मात्र मुद्दाम ठेवलेली नाही. "दोन सेकंद थांब आणि मग पुढची विद्या चालव" असंही लिहिता येत नाही. विद्यांची माळ लावता येते, त्याला कास्टसिक्वेन्स म्हणतात, पण प्रत्येक मण्याला बटण पुन्हा दाबावं लागतं आणि एक विद्या जमली नाही तर माळ तिथेच अडते.

मला ही रेघ फार आवडली. लिहिण्याचा कंटाळवाणा भाग यंत्राला द्या, ठरवण्याचा भाग स्वतःकडे ठेवा. आपल्याकडे गृहपाठाच्या बाबतीत हीच रेघ कुठे मारायची यावर शिक्षकांच्या ग्रुपवर रोज वाद चालू असतो.

रेघेपलीकडे गेलेलेही होते. 'ग्लायडर' नावाचा प्रोग्राम खेळाडू झोपलेला असताना त्याचं पात्र चालवायचा. त्यावरचा खटला अमेरिकेत अपील न्यायालयापर्यंत गेला, निकाल 2010 मध्ये लागला. ग्लायडर वापरणं म्हणजे कॉपीराइटचा भंग नाही, असं न्यायालय म्हणालं, पण खेळाच्या पहारा-व्यवस्थेला चकवण्याच्या मुद्द्यावर ग्लायडरची कंपनी हरली. म्हणून बाजारात "मॅक्रो बटण" असलेला गेमिंग माउस मुलाने मागितला तर जरा थांबा. शब्द तोच, गोष्ट वेगळी. खेळाच्या खिडकीत लिहिलेला मॅक्रो नियमात बसतो. एका दाबात पाच-सहा बटणं एकामागून एक दाबणारा माउस नियमात बसत नाही आणि त्यापायी खातं बंद होऊ शकतं.

दुसरा धोका मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलं मॅक्रो इंटरनेटवरून किंवा खेळातल्या गप्पांमधून उचलून चिकटवतात. कास्टने सुरू होणारी ओळ फार काही बिघडवत नाही. पण "/रन" ने सुरू होणारी ओळ 'लुआ' या भाषेतला प्रोग्राम चालवते. 2016 मध्ये ठकसेनांनी याचा फायदा घेतला. गप्पांमध्ये गोड बोलून खेळाडूला एक छोटी ओळ टाइप करायला लावायची. त्या ओळीने खेळातलं एक निरुपद्रवी काम बदलून तिथे "आलेला मजकूर आज्ञा म्हणून चालव" असं बसायचं. मग ठकसेन जे पाठवेल ते खेळाडूच्या कॉम्प्युटरवर खेळ निमूट पाळणार. त्यानंतर अशी ओळ चालवताना खेळ इशारा देऊ लागला. पण इशाऱ्यावर "हो" दाबायला मुलांना किती वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून आमच्या त्या नववीतल्या मुलाला मी एकच नियम दिला : जी ओळ तू मराठीत वाचून दाखवू शकत नाहीस ती चिकटवायची नाही. त्याच्या आईलाही सांगितलं, वहीतली एक ओळ रोज त्याच्याकडून वाचून घ्या. तुम्हाला खेळ कळायची गरज नाही. "अर्धविरामानंतर काय आहे रे?" एवढं विचारलं तरी पुरतं. वेळेची शिस्त अर्थातच वेगळी, ती मॅक्रोने येत नाही. आणि हा खेळ तेरा वर्षांवरच्यांसाठी आहे, चौथी-पाचवीच्या मुलांना कागदी मॅक्रोच द्या.

जाता जाता लुआबद्दल थोडं, कारण मुलांना हे सांगितलं की आवडतं. ही भाषा 1993 मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरातल्या एका विद्यापीठात तयार झाली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. आपल्या पाव, बटाटा, चावी या शब्दांची माहेरची भाषा तीच. ज्या रोब्लॉक्सवर आपली लहान मुलं पडलेली असतात, त्यातले खेळही लुआवरूनच निघालेल्या भाषेत लिहितात. नवीन शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचे म्हटलंय. कॉम्प्युटर लॅब कधी सुरू होईल ते होईल, जर-तरचा सराव त्याआधी होऊ शकतो.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. हा मॅक्रो कागदावर उतरवा आणि घरातल्या मुलासोबत सोडवा :

/कास्ट [मॉड:शिफ्ट,@प्लेअर] फ्लॅश हील; [हेल्प,नोडेड] फ्लॅश हील; [हार्म,नोडेड] स्माइट

"मॉड:शिफ्ट" म्हणजे शिफ्टचं बटण दाबलेलं असेल तर, आणि "@प्लेअर" म्हणजे स्वतःवर.

प्रश्न 1. समोर शत्रू निवडलाय आणि खेळाडूने शिफ्ट दाबून ठेवलंय. काय होईल?

प्रश्न 2. निवडलेला मित्र मेलेला आहे आणि शिफ्ट दाबलेलं नाही. काय होईल?

प्रश्न 3. पहिला तुकडा उचलून शेवटी ठेवला तर प्रश्न 1 चं उत्तर बदलेल का? का?

दुसऱ्या प्रश्नाला मुलं घाईने "स्माइट" म्हणतात. त्यांना उत्तर सांगू नका, शेवटचा कंस बोट ठेवून पुन्हा वाचायला लावा.